‘काडीचाही संबंध नाही’ हे शब्द मागे घेताना

माझ्या लेखावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘किती ऊर्जा बाहेर पडते याचा अभिक्रियेच्या वेगाशी काडीचाही संबंध नाही, असं तुम्ही लिहिता आणि त्याखालीच दोन्ही गोष्टी एका आलेखात दाखवता. संबंध नसेल तर आलेख एक कशाला? शिवाय दर १० अंशांना वेग दुप्पट होतो, हे कशाच्या जोरावर? आणि उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) ऊर्जा पुरवतो हे साधं कारण सोडून तुम्ही उगाच गोल फिरता.’

‘काडीचाही’ मागे घेतो. मूळ मुद्दा सोडत नाही.

आधी आलेख, म्हणजे अभिक्रिया होताना ऊर्जा कशी चढते-उतरते हे दाखवणारी टेकडीसारखी रेघ. त्याच्या आडव्या अक्षावर वेळ नसतो. अभिकारकांपासून उत्पादितांपर्यंतची वाट कितपत कापली गेली, एवढंच तिथे असतं. मीही शाळेत तो अक्ष वेळेचाच समजत होतो, आणि पुस्तकात त्याखाली बरेचदा काही लिहिलेलंच नसतं. वेग त्या चित्रात कुठेच काढलेला नाही. तो टेकडीच्या चढावरून, म्हणजे सक्रियण ऊर्जेवरून (अभिक्रिया व्हायला लागणाऱ्या किमान ऊर्जेवरून), ताडायचा. सुरुवात आणि शेवट यांच्या पातळीतला फरक हा एन्थाल्पीतला बदल, म्हणजे अभिक्रियेत बाहेर पडलेली किंवा शोषलेली उष्णता. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून एक मोल द्रवरूप पाणी बनताना २८६ किलोज्यूल बाहेर पडतात. तरीही ठिणगी किंवा प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक नसेल, तर खोलीच्या तापमानाला हे मिश्रण वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. उलट बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि अमोनियम थायोसायनेट हे दोन घन पदार्थ नुसते ढवळले की मिनिटा-दोन मिनिटांत अभिक्रिया होते आणि तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. ही उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषून घेणारी आहे! (बेरियमचे असे क्षार विषारी असतात, घरी करून बघू नका.) उताराची खोली, म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा, मोजून वेग सांगू गेलात, तर दोन्हीकडे फसाल.

पण एकाच कुळातल्या अभिक्रिया शेजारी शेजारी ठेवल्या की तुमचं म्हणणं बऱ्यापैकी खरं ठरतं. मिथेनमधून एक हायड्रोजन काढून घेणारे हॅलोजन अणू पाहा. फ्लोरिन अणूच्या बाबतीत सुमारे १३० किलोज्यूल प्रति मोल बाहेर पडतात आणि चढ असतो जेमतेम ५ चा. क्लोरिन सुमारे ८ शोषून घेतो, चढ १६ च्या आसपास. ब्रोमिन सुमारे ७३ शोषून घेतो आणि त्याचा चढ त्याहूनही थोडा उंच. शिखर शेवटच्या पातळीपेक्षा खाली असूच शकत नाही, त्यामुळे एकाच टप्प्याच्या उष्माग्राही अभिक्रियेत चढ निदान शोषलेल्या ऊर्जेइतका तरी हवाच. इव्हान्स आणि पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात अशा कुळांसाठी चढ आणि उतार यांचं नातं मांडलं. म्हणजे संबंध आहे, पण कुळापुरता. हायड्रोजन-ऑक्सिजनची तुलना बेरियमच्या मिश्रणाशी करताना तो कामाला येत नाही.

दुपटीच्या नियमाबद्दल तुम्ही बरोबर पकडलंत. तो नियम नाही, सोयीचा अंदाज आहे. २५ वरून ३५ अंश सेल्सिअसला गेलो, तर वायूच्या रेणूंच्या टकरी दोन टक्क्यांनीही वाढत नाहीत. त्यामुळे ‘टकरी वाढल्या म्हणून वेग वाढला’ हे उत्तर अगदीच तोकडं पडतं. वाढतो तो चढ ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेल्या टकरींचा वाटा. आऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणात आकडे घालून पाहा: सक्रियण ऊर्जा ५० किलोज्यूल प्रति मोल असेल, तर या १० अंशांत वेग सुमारे १.९ पट होतो. २० असेल तर १.३ पट, १०० असेल तर ३.७ पट. नेहमीच्या प्रयोगांतल्या बऱ्याच अभिक्रिया पन्नाशीच्या आसपास असतात, म्हणून ‘दुप्पट’ तोंडी बसलं. आणि नायट्रिक ऑक्साइडची ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया तर तापवल्यावर मंदावते. तिथे आधी नायट्रिक ऑक्साइडच्या जोड्या जमतात आणि उष्णतेने त्या सुटतात, असं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं.

उत्प्रेरकाबाबत मात्र सहमत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन मँगनीज डायऑक्साइडने करा, एन्झाइमने करा किंवा आपोआप होऊ द्या, एका मोलमागे ९८ किलोज्यूलच सुटतात. उत्प्रेरकाने वरून ऊर्जा घातली असती तर हा आकडा वाढला असता. तो कमी चढाची दुसरी वाट काढून देतो, बस्स.

मूळ लेखातलं वाक्य आता असं केलं आहे: ‘बाहेर पडणाऱ्या ऊर्जेवरून वेग सांगता येत नाही, एकाच कुळातल्या अभिक्रियांची तुलना करताना मात्र तिच्यावरून वेगाचा अंदाज येतो.’ आलेखाखालीही ‘आडवा अक्ष म्हणजे वेळ नव्हे’ अशी ओळ घातली आहे. दुपटीचं वाक्य काढून त्या जागी वरचे तीन आकडे दिले आहेत.