लॅमिनेशन तेवढं करू नका!

पेट्रोल पंपांचे जुने स्टिकर जपण्यावरचा लेख आवडला, पण ‘लॅमिनेट करून ठेवा’ हे काही पटलं नाही बघा. उष्णतेनं जुना गोंद, शाई बिघडते आणि प्लॅस्टिक एकदा चिकटलं की सुटत नाही. निपाणीच्या काकांच्या तंबाखूच्या ट्रकवरचा एस्सो या जुन्या पेट्रोल कंपनीचा वाघाचा स्टिकर मी असाच लॅमिनेट करून घालवला. एस्सोची १९७४ साली हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, म्हणजे वाघ त्याआधीचाच असणार! बर्मा शेल या दुसऱ्या जुन्या पेट्रोल कंपनीचा स्टिकर मात्र पत्र्यासकट कापून आणलाय, काकू अजून बोलतात त्यावरून. आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून, उन्हापासून लांब ठेवायचा. आमच्या बेळगावच्या पावसात भिंतीकडेच्या कपाटात तर नकोच, बुरशी धरते. खानापूरकडं कुणाच्या गॅरेजात कॅलटेक्स या पेट्रोल कंपनीचा ताऱ्याचा स्टिकर दिसला तर कळवा हो.