‘ते लोक पैसे दारूत उडवतात’: फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

एक संदेश बरीच वर्षं फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच राहतो. थोडक्यात असा: ‘परदेशातल्या गरीब कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांना एक पैसाही देऊ नका. बराचसा पैसा पगारांत आणि गाड्यांत जातो. उरलेला पोहोचलाच तर ते लोक दारूत उडवतात. फुकटचं मिळायला लागलं की माणूस कामधंदा सोडतो. इतकी वर्षं मदत चालू आहे, गरिबी हटली का? त्यापेक्षा आधी आपलं घर सांभाळा.’

हा संदेश वाचून दर महिन्याची देणगी बंद केलेली माणसं मला माहीत आहेत. ती कंजूष नाहीत, दुष्ट तर मुळीच नाहीत. आपला कष्टाचा पैसा वाया जातोय अशी शंका मनात शिरली, की हात आपोआप आखडता येतो. म्हणून या दाव्यांना एकेक करून उत्तर द्यायचं ठरवलं. काही ठिकाणी संदेशात तथ्य आहे, तेही सांगते.

सुरुवात दारूपासून, कारण सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात जास्त अन्याय करणारा दावा तोच आहे.

पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराजवळ रारिएडा नावाचा भाग आहे. तिथल्या गरीब कुटुंबांना २०११ ते २०१३ या काळात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेनं थेट रोख रक्कम दिली. अट कुठलीही नाही. पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलच्या खात्यात जमा व्हायचे. जवळच्या एजंटाकडे जायचं, व्यवहार करायचा आणि नोटा हातात घ्यायच्या. पैसे कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे मिळालेली आणि न मिळालेली घरं शेजारी शेजारी ठेवून तुलना करता आली. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या अर्थतज्ज्ञांनी तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. वाढला तो खाण्यापिण्यावरचा खर्च आणि वाढली ती घरातली गुरं.

आणि घरांवर पत्रे आले. हे पत्रे मला महत्त्वाचे वाटतात, कारण ‘मदतीच्या पैशांतून घरं सजवतात’ असंही वर ऐकवलं जातं. या गावांत मदतीसाठी घर निवडण्याची खूणच गवताचं छप्पर ही होती. गवत कुजतं, त्यात किडे आणि उंदीर घर करतात, मोठ्या पावसात ते गळतं आणि थोड्या थोड्या वर्षांनी पुन्हा शाकारावं लागतं. शाकारायचं म्हणजे गवत विकत आणा, नाहीतर दिवसाचं काम बुडवून कापून आणा, वर मजुरी द्या. पत्रा एकदा घातला की हा खर्च कितीतरी वर्षं टळतो. पन्हाळ लावली तर पावसाचं पाणी पिंपात धरता येतं. ज्या बाईनं अचानक आलेल्या पैशातून आधी छपराचा हिशेब केला, तिला ‘उधळी’ म्हणणं मला सहन होत नाही.

शापिरो हे गिव्हडायरेक्टलीच्या संस्थापकांपैकी एक आहेत. हे लपवून पुढे जाता येणार नाही, म्हणून एकट्या त्यांच्या अभ्यासावर मी थांबत नाही. जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले असे १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीनं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही. काही ठिकाणी तर तो कमी झाला होता. एखाद्या घरात दारुडा बाप असेल, नक्की असेल. तो तर श्रीमंत वस्तीतही असतो. पण त्याच्याकडे बोट दाखवून हजारो घरांची मदत तोडणं हा न्याय नव्हे.

रारिएडा ज्या सियाया परगण्यात येतं, तिथेच पुढे गिव्हडायरेक्टलीच्या रोख मदतीचा याहून मोठा प्रयोग झाला. ६५३ गावं, सुमारे १०,५०० कुटुंबं आणि प्रत्येकी जवळपास १,००० डॉलर. यावेळी प्रश्न वेगळा होता: एवढा पैसा गावात आला तर महागाई भडकेल आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते भरडले जातील का? भाव सरासरी ०.१ टक्का वाढले. उलट ज्यांना एक नोटही मिळाली नव्हती त्या शेजाऱ्यांची मिळकत वाढली, कारण मिळालेला पैसा गावातल्याच दुकानात, गवंड्याकडे, पिठाच्या गिरणीत खर्च झाला. आलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत साधारण अडीच डॉलरची उलाढाल झाली. याच गावांतल्या बाळांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या, तेव्हा पैसे मिळालेल्या घरांत वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. बाळंतपणाच्या आधीचे शेवटचे महिने शेतात राबण्याऐवजी आईला थोडी विश्रांती घेता आली, पोटभर खाता आलं, दवाखाना गाठता आला. दारूच्या दाव्याबद्दल याहून जास्त मला काही म्हणायचं नाही.

‘फुकटचं मिळालं की आळशी होतात.’

अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजनांची आकडेवारी पुन्हा तपासली. या बहुतेक सरकारी योजना होत्या, पण प्रश्न तोच आहे. मदत मिळाल्यानं लोक काम कमी करतात याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात चार पैसे आले की माणूस बियाणं घेतो, शिलाई मशीन घेतो, सावकाराचं कर्ज फेडतो. हाती काहीच नसतं तेव्हाच मेहनत वाया जाते, कारण स्वतःचं शेत सोडून दुसऱ्याच्या शेतावर आजची मजुरी करायला जावं लागतं.

इथे संदेश लिहिणाऱ्याचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. कसलीही मदत चांगलीच, असं नाही. एक जोड विकला की एक जोड गरीब मुलाला फुकट, अशी ‘टॉम्स’ या बुटांच्या कंपनीची योजना होती. एल साल्वादोरमध्ये तिची नीट तपासणी झाली. मुलांना बूट आवडले, त्यांनी ते वापरलेही. पण त्यांच्या आयुष्यात फारसा फरक पडला नाही, आणि ‘आपल्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात’ असं म्हणणाऱ्या मुलांचं प्रमाण थोडं वाढलं. बहुतेक मुलांकडे बूट आधीपासून होते. न विचारता दिलेल्या वस्तूचं असं होतं.

आता बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेनं २००२ मध्ये अतिगरीब घरांसाठी सुरू केलेला कार्यक्रम पाहा. त्यात घरच्या बाईला गाय किंवा शेळ्या देतात. त्याबरोबर काही महिने थोडी रोख किंवा धान्य, जनावर कसं सांभाळायचं याचं शिक्षण, बचतीची सवय, औषधपाण्याची सोय आणि नियमित घरी येऊन विचारपूस करणारी कार्यकर्ती. धान्य कशाला, असं कोणी विचारेल. गाय दिली आणि चूल थंड ठेवली, तर पहिल्याच आजारपणात गाय बाजारात जाणार. हे सगळं एकत्र दिलं तरच कुटुंब तग धरतं. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत हाच कार्यक्रम दहा हजारांहून जास्त लोकांबरोबर करून पाहिला गेला आणि निष्कर्ष २०१५ मध्ये आले. मदत बंद होऊन वर्ष उलटल्यावरही ती कुटुंबं जास्त खात होती, जास्त कमावत होती. मदत थांबल्यावर काय उरतं, ही आळशीपणाची खरी परीक्षा. तीत ही कुटुंबं उतरली.

‘बराचसा पैसा पगारांत जातो.’

जातो, आणि पुष्कळदा जायलाच हवा. वर ज्या कार्यकर्तीबद्दल लिहिलं, तिचा पगार म्हणजेच मदत. मुलांना लस टोचणारी परिचारिका, पाण्याचे नमुने तपासणारा तंत्रज्ञ, हिशेब तपासून चोरी पकडणारा लेखापाल, या सगळ्यांचे पगार ‘प्रशासनखर्च’ म्हणून वजा केले तर उरतं काय? अमेरिकेत देणगीदारांसाठी संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी २०१३ मध्ये एकत्र पत्र काढून देणगीदारांना सांगितलं, की केवळ प्रशासनखर्चाच्या टक्केवारीवरून संस्था चांगली की वाईट हे ठरवू नका.

खर्च कमी असूनही काम फुकट जाऊ शकतं. दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ नावाची कल्पना निघाली: मुलं चक्रीपाळण्यावर खेळतील आणि त्या फिरण्यानं बोअरचं पाणी वर येईल. २००६ च्या सुमारास तिला मोठमोठ्या देणग्या मिळाल्या. प्रत्यक्षात मुलं खेळून दमायची, आणि मग हंडा भरायला आलेल्या बायकांना तो पाळणा स्वतः ढकलावा लागायचा. त्यापेक्षा साधा हातपंप सोपा आणि स्वस्त होता. काही वर्षांत कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. कार्यालयाचा खर्च शून्य असता तरी त्या बायकांचे श्रम कमी झाले नसते.

संस्थांमध्ये वाईट माणसं आणि वाईट कारभार असतो, हेही खरं. हैतीमध्ये भूकंपानंतर काम करणाऱ्या ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन २०१८ मध्ये उघडकीला आलं. ते संतापजनकच होतं आणि त्याची किंमत त्या संस्थेला मोजावी लागली, हे योग्य झालं. पण माझ्या मते त्याहून जास्त नुकसान चांगल्या मनानं दिलेल्या एका वेगळ्या देणगीनं होतं: परदेशातल्या अनाथालयांना दिलेल्या. कंबोडियासारख्या देशात अशा निवासी संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. ‘शाळा मिळेल, जेवण मिळेल’ म्हणून आई मूल सोडून जाते. पर्यटक येतात, फोटो काढतात, पैसे देतात. जितकी मुलं जास्त तितकी देणगी जास्त. तोच पैसा त्या आईला मिळाला असता तर मूल तिच्याजवळ राहिलं असतं. कुठे देऊ नये असं विचाराल, तर माझ्या यादीत हे पहिलं. पण यातून निघतं ते ‘पारखून द्या’, ‘देऊ नका’ नाही. संस्था लेखापरीक्षित हिशेब उघड ठेवते का, नेमका काय फरक पडला हे बाहेरच्या कोणाकडून तपासून घेते का, आणि आपलं एखादं काम फसलं हे कधी स्वतःहून सांगते का, एवढं बघायला अर्धा तास पुरतो. मी शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन देते.

‘इतकी वर्षं मदत केली, काय फरक पडला?’

१९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या सुमारे २० देशांत नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. पाय सुजतो, फोड येतो आणि त्यातून वीतभर नव्हे तर हातभर लांब जंत दिवसेंदिवस हळूहळू ओढून काढावा लागतो. ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळतो. यावर लस नाही, औषध नाही. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या ‘कार्टर सेंटर’ या संस्थेनं नारू हटवण्याच्या मोहिमेचं नेतृत्व हाती घेतलं. पिण्याचं पाणी कापडातून गाळा आणि जखम असलेल्यानं तळ्यात उतरू नये, एवढंच गावोगावी सांगायचं होतं. गावातलेच स्वयंसेवक ते सांगत राहिले. २०२३ मध्ये जगभरात माणसांमध्ये नारूचे १४ रुग्ण होते. चौदा.

१९९० मध्ये पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटी मुलं दगावली. २०२२ मध्ये ४९ लाख. यातलं मोठं श्रेय त्या त्या देशांच्या सरकारांचं, आर्थिक वाढीचं आणि तिथल्या आयांचं आहे. सगळं देणग्यांनी झालं असं मी म्हणणार नाही. पण काहीच झालं नाही, हे म्हणणं खोटं आहे.

राहिलं ‘आधी आपलं घर’. घरच्यांना द्याच. शेजारच्याला दिल्यानं लांबच्याला देता येत नाही, असा नियम कुठे आहे? आणि ज्यांना आज लांबचे म्हणतो, ते कायम घेतच राहतील हे कोणी ठरवलं?

ब्रॅकचंच घ्या. १९७२ मध्ये युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या बांगलादेशात, निर्वासित म्हणून गेलेली कुटुंबं सिल्हेटच्या भागात परतत होती. फझले हसन अबेद यांनी लंडनमधलं आपलं घर विकलं आणि त्या पैशातून काम सुरू केलं. लवकरच ऑक्सफॅमचीही मदत आली, म्हणजे परक्या देशातल्या अनोळखी माणसांच्या देणग्याच. १९८० मध्ये ब्रॅकच्या कार्यकर्त्या दारोदार जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवू लागल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत त्या एक कोटीहून जास्त घरांत पोहोचल्या. किती घरं केली यावर त्यांचा पगार ठरत नसे. काही दिवसांनी दुसरं कोणीतरी काही घरं निवडून तिथे जायचं, आईला प्रश्न विचारायचं, तिच्याकडून ते पाणी करून घ्यायचं. आईला जितकं नीट आठवत असेल, तितके पैसे त्या कार्यकर्तीला. २००२ मध्ये हीच संस्था अफगाणिस्तानात कामाला गेली. त्यानंतर युगांडा, टांझानिया, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये.