चुरा तो चुराच? : तासगावच्या वाचकांना उत्तर

दादा, नमस्कार.

बेन्नू लघुग्रहावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याचं उत्तर दोन ओळींत देणं बरं दिसलं नसतं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी सांगतो. चंद्र असो, मंगळ असो की लघुग्रह, वरचा थर म्हणजे फुटलेल्या दगडाचा चुरा, आणि चुरा तो चुराच. तो कसल्या दगडाचा आहे हे दुर्बिणीतून कळतं, मग १२१ ग्रॅम माल आणायला यान कशाला पाठवायचं? आणि आपल्या कृष्णाकाठची जमीन क्षारपड होत असताना आकाशातल्या धुळीवर लिहायचं कशाला?

तुम्ही द्राक्षबाग करता, म्हणून पहिल्याच मुद्द्यावर तुमच्याशी वाद घालावासा वाटतो. आमच्या साताऱ्याहून कासच्या पठारावर चढा. वर जांभा लागतो, त्यावर वीतभरसुद्धा माती नसते. तिथून खाली कृष्णेच्या खोऱ्यात या, तर पुरुषभर खोल काळी. दोन्हींच्या मुळाशी दगड एकच, दख्खनचा बेसॉल्ट. कासवर धो धो पावसाने सिलिका, चुना सगळं धुऊन नेलं आणि लोह-अॅल्युमिनियम मागे ठेवलं. खाली पाणी मुरलं, साचलं, म्हणून फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी चिकण तयार झाली. नुसता मूळ दगड सांगितला की माती सांगून झाली, असं तुम्ही तुमच्या बागेबद्दल कधीच म्हणणार नाही. मग बेन्नूबद्दल का म्हणता?

या सुट्या थराला रेगोलिथ म्हणतात. चंद्रावर तो सपाट काळ्या मैदानांत साधारण ४-५ मीटर आणि डोंगराळ भागात १०-१५ मीटर जाड आहे. तिथे पाऊस नाही, वारा नाही. दगड फोडण्याचं काम अब्जावधी वर्षं उल्कांनी केलं. कण घासून गोल करणारं काहीच नसल्यामुळे ते धारदार राहतात. बारीक उल्का आदळली की थोडा चुरा वितळतो, त्याची काच होते आणि तीच काच शेजारच्या कणांना चिकटवून वेडेवाकडे गोळे करते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून गेलेले हॅरिसन श्मिट स्वतः भूवैज्ञानिक. सूटला चिकटून आत आलेल्या धुळीने त्यांचं नाक चोंदलं, शिंका सुरू झाल्या. आपल्या नदीच्या वाळूत असा गुण नाही.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला चटकन पटेल. पायलीत ज्वारी भरून माप आपटलं की दाणा खाली बसतो, तसा चंद्रावरचा चुरा आघातांच्या हादऱ्यांनी बसत गेला आहे. वरचे काही सेंटिमीटर भुसभुशीत, पण फूटभर खाली इतका घट्ट की अपोलोच्या अंतराळवीरांना नळी ठोकताना आणि ड्रिल चालवताना घाम फुटला. वरून पाहून हे कुणालाही कळलं नसतं.

दुर्बिणीबद्दल तुमचा जो विश्वास आहे, त्याला बेन्नूनेच तडा दिला. सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीचा हा लघुग्रह किती लवकर तापतो आणि निवतो, हे पृथ्वीवरून मोजलं होतं. त्यावरून अंदाज बांधला की पृष्ठभाग बऱ्यापैकी बारीक, सपाट असणार. डिसेंबर २०१८ मध्ये नासाचं ओसायरिस-रेक्स यान तिथे पोहोचलं, तर जिकडेतिकडे मोठाले धोंडे. ते धोंडेच सच्छिद्र होते, त्यामुळे ते बारीक मालासारखे तापत-निवत होते. ५० मीटर रुंद जागेत उतरायची तयारी केलेल्या यानाला शेवटी साधारण १६ मीटरच्या जागेत नेम धरावा लागला. २० ऑक्टोबर २०२० रोजी त्याचा हात टेकला आणि जवळजवळ अर्धा मीटर आत गेला. विरोध नावालाच. इंजिनं लगेच उलटी पेटली नसती तर यान आणखी खोल रुतलं असतं. धोंड्यांनी भरलेली जमीन, आणि तरी पाय ठेवला तर आधार नाही! हे मला आजही विलक्षण वाटतं. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी आहे, म्हणून दगड एकमेकांवर केवळ टेकलेले असतात.

रसायनाचंही तसंच. पृथ्वीवर सर्वांत जास्त पडणारे दगडी अशनी आणि लघुग्रहांच्या पट्ट्याच्या सूर्याकडच्या भागातले बरेच लघुग्रह यांचे रंगपट जुळत नव्हते. लघुग्रह जास्त लालसर दिसत. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा लघुग्रहावरून जून २०१० मध्ये दीड हजारांच्या आसपास कण आणले, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. त्यांनी वाद मिटवला. आतला माल अशनींचाच. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, आणि सूक्ष्म उल्का यांच्या माऱ्याने कणांवर अतिशय पातळ थर चढतो, त्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि तेवढ्याने रंग बदलतो. दुर्बीण तो थर वाचत होती. म्हणून ग्रॅमच काय, धुळीचा एक कण हातात असणंही मोलाचं.

मंगळाचं उदाहरण थोडक्यात देतो. इनसाइट यानाची ४० सेंटिमीटरची, स्वतःच ठोके देत जमिनीत शिरणारी सळी ५ मीटरपर्यंत खाली जाऊन आतली उष्णता मोजणार होती. वाळूत ती छान चालायची. मंगळावर वरचा थर कवचासारखा धरलेला निघाला. ठोके देताच भोवती खड्डा झाला, बाजूने पकडच मिळेना आणि ती जागच्या जागी उडत राहिली. जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न सोडावा लागला.

आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमचं तसं झालं नाही याचा मला फार आनंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या तापमापकाची सळी १० सेंटिमीटर आत गेली. वर पन्नास अंशांच्या पुढे तापमान आणि ८ सेंटिमीटर खाली शून्याखाली १० अंश! एवढ्याशा चुऱ्याने इतकी उष्णता अडवली. ध्रुवाजवळ बर्फ किती खोलीवर टिकेल हे यावरच ठरतं. या उतरण्याच्या चाचण्यांसाठी इस्रोने तामिळनाडूतल्या सीतमपुंडीचा अॅनॉर्थोसाइट हा फिकट दगड दळून चंद्रासारखी माती टनांनी बनवली. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट तिथे चालला नसता; तो चंद्राच्या काळ्या मैदानांशी जुळतो आणि विक्रम उतरायचा होता उंच, फिकट प्रदेशात.

उपयोगाचं म्हणाल, तर २६ सप्टेंबर २०२२ ची टक्कर आठवा. नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आपटवलं आणि त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची फेरी जवळपास ३२ मिनिटांनी कमी झाली. यानाच्या नुसत्या धक्क्याने एवढं झालं नसतं. वरचा सुटा माल मागे उसळला आणि त्याच्या प्रतिक्रियेमुळे एकूण ढकल साडेतीन पटींच्या आसपास गेली. उद्या एखादा लघुग्रह खरोखर आपल्याकडे येत असेल, तर त्याला किती जोराने मारायचं हे त्याच्या चुऱ्यावर अवलंबून राहील.

आता क्षारपड जमिनीचं. तुमची तळमळ मला पूर्ण मान्य आहे. पण या दोन अभ्यासांत भिंत नाही. अपोलोच्या मृदा-यांत्रिकी प्रयोगांचं नेतृत्व करणारे जेम्स मिचेल हे बर्कलीचे स्थापत्य अभियंता, पृथ्वीवरच्या चिकणमातीचे मोठे अभ्यासक. कणांमधल्या पोकळीतून काय वाहतं, काय अडतं, हाच प्रश्न तिकडे उष्णतेसाठी आणि इकडे पाण्यासाठी. उसाला भरमसाट पाणी, भारी काळीत निचरा नाही, भूजल वर येतं, केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. भूमिगत निचरा चर हा त्यावरचा खरा इलाज, पण शेजाऱ्याने चर पुढे नेऊ दिला नाही तर एकट्याने काही होत नाही.

त्यावर मी लिहीन, आणि तुमच्या मदतीने लिहीन. तुमच्या भागात उन्हाळ्यात किती फुटांवर पाणी लागतं, कुणी निचरा पाइप टाकलेत का, टाकल्यावर किती हंगामांत पीक सुधारलं, हे इथेच खाली कळवा. चोपण (सोडियम वाढलेली) आणि नुसती क्षारयुक्त, दोन्ही जमिनींचे अनुभव वेगवेगळे लिहा, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत.