बुध्यांकाच्या कागदावरचं वय कुठून आलं, ते विचारा

मानसशास्त्राचा इतिहास आपल्याकडं १८७९ पाशी सुरू होतो. जर्मनीतलं लाइपझिग, विल्हेम वुंट, मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा. पाच मार्कांची टीप लिहिली की झालं. विज्ञान तिथं उभं राहिलं हे खरंच. पण त्याचा व्यवसाय झाला तो शाळेत मागं पडणाऱ्या लेकरांमुळं. ही दुसरी बाजू बीड-परभणी-हिंगोलीत रोज कामाची असूनही कमी शिकवली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

१८९६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडं एका शिक्षिकेनं स्पेलिंग काही केल्या न जमणारा मुलगा आणला. त्याच्या डोळ्यांत दोष निघाला. आधी चष्मा दिला, मग शिकवणी. मानसशास्त्राचं पहिलं क्लिनिक असं सुरू झालं. डोळे आणि कान न तपासता काढलेला बुध्यांक, म्हणजे आयक्यू, आजही कच्चाच समजायला हवा.

१९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी ३० प्रश्नांची चाचणी काढली. वर्गात कुणाला जादा मदत लागते ते ओळखायचं, एवढाच तिचा हेतू. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते असं बिने मानत नव्हता. पण चाचणी अमेरिकेत गेली, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत हेन्री गॉडर्डनं ती हाती घेतली, आणि न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, परदेशातून येणाऱ्यांची तपासणी व्हायची तिथं, बोटीतून उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसांवर मंदबुद्धीचे शिक्के बसले.

मराठीत बिनेची चाचणी आणण्याचं मोठं काम धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांचं. १९३० च्या दशकात त्यांनी ती मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर प्रमाणित केली. पुढं नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी वेश्लरची मुलांची चाचणी आणि व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी, म्हणजे रोजची कामं मूल स्वतः किती करतं ते मोजणारी व्हीएसएमएस, इथल्या मुलांसाठी बसवली. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आजही हीच नावं कागदावर दिसतात.

आता हिशेब बघा. बिने-कामतमध्ये ३ ते १० वर्षांच्या पातळीवर दर वर्षाला सहा प्रश्न, प्रत्येक बरोबर उत्तराला दोन महिने. समजा लेकरू ८ वर्षांचं, म्हणजे ९६ महिन्यांचं. पाच वर्षांच्या पातळीपर्यंत सगळे प्रश्न आले, ६० महिने. सहाव्या पातळीवर चार आले, ८ महिने. सातव्यावर दोन, ४ महिने. आठव्यावर एकही नाही, तिथं थांबायचं. मानसिक वय ७२ महिने. ७२ भागिले ९६ गुणिले १००, बुध्यांक ७५. तीन प्रश्न कमी आले असते तर ६९. रांग मोठी आहे म्हणून परीक्षकानं घाई केली, सगळे प्रश्न येतात त्या पातळीपर्यंत खाली उतरलाच नाही किंवा वर लवकर थांबला, तर एवढा फरक सहज पडतो.

आणि भाजक म्हणजे वय. आपल्याकडं १ जूनला जन्मलेल्यांनी वर्ग भरलेले असायचे, ते गुरुजींनी अंदाजानं टाकलेल्या तारखांमुळं. ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या लेकरांच्या नोंदी अजूनही कधी उशिरा होतात. वरचंच मूल खरं १०४ महिन्यांचं असेल तर बुध्यांक ६९, आणि ८८ महिन्यांचं असेल तर ८२! व्हीएसएमएसमध्येही भागाकार वयानंच. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत व्हीएसएमएसच्या ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के आणि ७० ते ८४ ला २५ टक्के दिव्यांगत्व धरलं होतं. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून मिळतात. चुकलेल्या आठ महिन्यांत लेकराचा हक्क जाऊ शकतो.

भाषेचं तर विचारूच नका. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. त्याला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारून ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहिणं म्हणजे एलिस बेटावरचीच चूक. अशा वेळी शब्दांवर न चालणारी चाचणी जोडीला घ्यावी. सेगाँचा फॉर्मबोर्ड असतो, दहा लाकडी आकार आपापल्या खाचेत बसवायचे, तीनदा वेळ मोजायची आणि सगळ्यात कमी वेळ धरायची. तो संपूर्ण बुद्धी मोजत नाही, पण शब्दांनी केलेला अन्याय दिसून येतो. कामतांचे नॉर्म्सही, म्हणजे कोणत्या वयात काय यायला हवं ते ठरवणारे आकडे, आता जवळपास नव्वद वर्षांचे झाले. मराठवाड्यातल्या मुलांवर नवे नॉर्म्स काढायला इथल्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी हात घालावा. हुंड्यावरच्या अभिवृत्तीची प्रश्नावली दरवर्षी वाटण्यापेक्षा ते काम शंभर पटीनं गरजेचं आहे.

तोवर आईबापांनी एवढं करावं. अहवालावर चाचणीचं नाव, कोणत्या भाषेत घेतली, वय कुठल्या कागदावरून घेतलं, मानसिक वय किती, आणि चाचणी घेणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघावं. नुसता एक आकडा आणि सही असेल तर कागद परत करून पूर्ण अहवाल मागावा. घरी लेकरू काय काय करतं, बटण लावणं, दुकानातून सामान आणणं, सुटे पैसे मोजणं, हे आधीच लिहून न्यावं, कारण व्हीएसएमएसचे प्रश्न आईलाच विचारतात आणि घाबरून ‘काहीच येत नाही’ किंवा ‘सगळं येतं’ असं सांगितलं जातं. प्रमाणपत्राचा निर्णय पटला नाही तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अर्जासोबत जन्माचा खरा पुरावा जोडा.