‘केमिस्ट्री घ्या, नोकरी पक्की’ या मेसेजला उत्तर

बी.एस्सी.ला मेजर विषय ठरवायची वेळ आली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. केमिस्ट्रीवाल्याला कंपनीत लगेच नोकरी, फिजिक्सवाल्याला बी.एड. करून शाळेशिवाय थारा नाही. गणित कच्चं असेल तर केमिस्ट्रीच बरी. आणि एकदा घेतलेला विषय जन्माचा. मुलं आणि पालक यावर विसंबून फॉर्म भरतात, म्हणून हे लिहायलाच हवं.

नोकरीचं आधी. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या कारखान्यांना केमिस्ट लागतात, हे खरं आहे. पण नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारं काम बहुतेक क्यूसीचं (मालाचा दर्जा तपासण्याचं) किंवा प्रॉडक्शनचं असतं: शिफ्ट ड्युटी, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) एकामागून एक सॅम्पल, प्रत्येक आकड्याची नोंद. काम चांगलं आहे, शिस्त लावणारं आहे. ते कसं असतं हे मात्र मेसेजमध्ये कुणी सांगत नाही. नवीन रेणू बनवायच्या आर अँड डी विभागात जायचं तर बहुधा एम.एस्सी. लागतेच.

फिजिक्सनंतर फक्त शाळा, हे तर साफ चूक. कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार देताना डोस नेमका किती आणि कुठे पडेल, याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट करतो. ए.ई.आर.बी.च्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांनुसार किरणोपचार केंद्राला तो ठेवावाच लागतो. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, हा तिथला एक जुना, प्रतिष्ठेचा मार्ग. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटींची मंजुरी दिली. लेझर आणि निर्वात तंत्र जाणणारी माणसं तिथे लागणार आहेत. (आणि शाळेत फिजिक्स चांगलं शिकवणं ही कमी प्रतीची गोष्ट कधीपासून झाली?)

गणिताला घाबरून केमिस्ट्री घेणाऱ्यांची फसगत मला सगळ्यात जास्त लागते. फिजिकल केमिस्ट्रीत आंशिक विकलन येतं, क्वांटम केमिस्ट्रीत श्रोडिंगरचं समीकरण सोडवावं लागतं, स्पेक्ट्रोस्कोपीत ग्रुप थिअरी, म्हणजे सममितीचं गणित, भेटते. पाठांतरावर पहिलं वर्ष निघतं, पुढे नाही.

राहिला ‘जन्माचा विषय’. शास्त्रज्ञ वेंकी रामकृष्णन यांनी बडोद्यात फिजिक्समध्ये बी.एस्सी. केली, पीएच.डी.ही फिजिक्समध्येच. 2009 चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी. मात्र इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे: केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.साठी बहुतेक विद्यापीठांना पदवीला केमिस्ट्री लागते, फिजिक्ससाठी फिजिक्स आणि सोबत गणित. त्यामुळे दोघांपैकी एक मेजर घेताना दुसरा विषय मायनर म्हणून ठेवता येतो का, आणि तेवढ्यावर पुढे कुठे प्रवेश मिळतो, हे फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन विचारा. त्याच फेरीत तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि दोन्ही प्रयोगशाळांत तासभर उभे राहा.