‘जास्त मार्क, कमी पर्सेंटाइल’: त्या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

इंजिनिअरिंग वगैरे प्रवेशांसाठीच्या सीईटीचा (एमएचटी-सीईटी) निकाल लागला की मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मला तो दादरच्या एका क्लासच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि मुलुंडच्या मावशीनेही पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एका मुलाला २०० पैकी १४५ मार्क आणि ९७ पर्सेंटाइल, दुसऱ्या शिफ्टमधल्या मुलीला १३८ मार्क आणि ९८ पर्सेंटाइल, म्हणजे घोटाळा उघड आहे. फॉर्म्युला गुप्त ठेवलाय. प्रत्येक शिफ्टमध्ये १०० पर्सेंटाइलवाले निघतात, हे शक्यच नाही. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे तुक्के मारणाऱ्यांची चांदी होते. तेव्हा पर्सेंटाइल रद्द करा आणि बोर्डासारखे सरळ मार्क लावा, तिथे सगळ्यांना एकच माप असतं.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. ऐन निकालाच्या आठवड्यात हा मेसेज वाचून चांगले मार्क पडलेली मुलंही आपल्याला लुटलं या समजुतीने घरी बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी १४५ आणि १३८ चं बघू. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या शिफ्टमधल्या दर शंभरांपैकी किती जणांना आपल्याइतके किंवा त्याहून कमी मार्क पडले तो आकडा. हे दोन आकडे एका पेपरचे नाहीतच. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. लाखो मुलांना एकाच वेळी बसवायला तेवढे संगणक नसतात, त्यामुळे परीक्षा कित्येक दिवस, सकाळ-दुपार अशा शिफ्टमध्ये चालते आणि दर शिफ्टचा पेपर वेगळा असतो. पेपर काढणाऱ्यांनी कितीही जपलं तरी एखादा पेपर अवघड जातोच. समजा, मुलाच्या शिफ्टला २०,००० मुलं बसली आणि त्यातल्या १९,४०० जणांना १४५ किंवा त्याहून कमी मार्क पडले. १९,४०० भागिले २०,०००, गुणिले १००: ९७ पर्सेंटाइल. मुलीच्या शिफ्टलाही २०,०००, पण पेपर कठीण, त्यामुळे १३८ किंवा त्याहून कमी मार्कांवर थांबलेली मुलं १९,६००. ९८ पर्सेंटाइल. मुलाच्या पुढे ६०० जण आहेत, मुलीच्या पुढे ४००. नुसते मार्क लावले असते तर ही मुलगी केवळ वाट्याला कठीण पेपर आला म्हणून मागे पडली असती, आणि खरा अन्याय तो झाला असता.

फॉर्म्युलाही हाच, एवढाच. तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि जेईई मेनलाही जानेवारी २०१९ पासून याच पद्धतीने स्कोअर काढतात. ‘गुप्त’ हा आरोप इथेच संपतो.

१०० पर्सेंटाइलचं कोडंही त्यातच सुटतं. शिफ्टमध्ये पहिल्या आलेल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी मार्क त्या शिफ्टमधल्या झाडून सगळ्यांनाच असतात, तो स्वतःही त्यात मोजला जातो. त्यामुळे त्याचा स्कोअर १०० येणारच, मार्क २०० असोत की १८७. जितक्या शिफ्ट, तितके तरी १०० पर्सेंटाइलवाले निघणारच.

स्कोअरकार्डावरच्या सात दशांश स्थळांनी मात्र लोकांचा उगाच गैरसमज होतो. ९७.४३१२०८८ असं काही दिसलं की वाटतं, मुलाची हुशारी एक कोट्यंशापर्यंत मोजली. २०,००० च्या शिफ्टमध्ये एक मूल म्हणजे ०.००५ पर्सेंटाइल, त्यापलीकडची स्थळं वेगवेगळ्या आकाराच्या शिफ्ट एका यादीत बसवताना बरोबरी कमी व्हावी यासाठी आहेत. परीक्षेच्या दिवशी दोन प्रश्न इकडचे तिकडे झाले तर त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो. आणखी एक: एकूण पर्सेंटाइल एकूण मार्कांवरून काढतात. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून ‘जुळत नाही’ म्हणणाऱ्यांनी तो हिशेब सोडून द्यावा, तो जुळायचाच नाही.

तुक्क्यांचा मुद्दा जरा सविस्तर घेते, कारण त्यात गणित आहे आणि ते मुलांच्या कामाचं आहे. पीसीएमचा पेपर असा: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न प्रत्येकी १ मार्काचे, प्रत्येकाला चार पर्याय. एकही प्रश्न न वाचता सगळीकडे डोळे मिटून टिचक्या मारल्या तर सरासरी गणितात २५ आणि बाकीत २५, एकूण ५० मार्क पडतील. नशिबाचा चढउतार मोजला तर प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे हलतात ते, ७.५ येतं. म्हणजे नुसत्या तुक्क्यांवर कुणी ७५ च्या पुढे जाणं जवळजवळ अशक्य. या जोरावर व्हीजेटीआयसारख्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळत नाही. चार पर्यायांत चुकीला एक तृतीयांश मार्क कापला तर आंधळ्या तुक्क्याची सरासरी कमाई शून्य होते, यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत तेच प्रमाण आहे. नीटमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १, तिथे आंधळा तुक्का सरासरी पाव मार्क देऊनच जातो. निगेटिव्ह मार्किंग असलं की तुक्का संपला, हा समजही त्यामुळे अर्धवटच. सीईटीत नुकसान होतं ते प्रश्न रिकामा सोडणाऱ्याचं. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या प्रश्नांना काहीतरी टिक करून या, असं मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि तरीही प्रामाणिकपणा म्हणून रिकामे सोडून येणारी मुलं भेटतात. फार वाईट वाटतं.

आता जिथे मेसेजवाल्यांच्या रागाला जागा आहे तिथे येऊ. ही सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: प्रत्येक शिफ्टमध्ये सर्व तऱ्हेची मुलं सारख्याच प्रमाणात आली असतील. मुलाला शिफ्ट निवडू देत नाहीत ती त्यासाठीच. शिफ्ट मोठी आणि वाटप खरोखर सरमिसळ असेल तर हे गृहीत टिकतं. शिफ्ट लहान असेल तर डळमळतं.

आणि पेपरच चुकला तर पर्सेंटाइल काहीही वाचवू शकत नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या शिफ्टमध्ये गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि त्या मुलांना ५ मे रोजी फेरपरीक्षा द्यावी लागली. तो पेपर तसाच तपासला असता तरी सात दशांशांचे नीटनेटके पर्सेंटाइल निघालेच असते, फक्त त्यातला बराचसा भाग नशिबाचा असता. पर्सेंटाइल कठीण-सोप्याचा फरक भरून काढतं, चुकीच्या प्रश्नाचा नाही. ज्या मुलांना महिनाभराची तयारी पुन्हा उकरून बसावं लागलं त्यांचा संताप पूर्णपणे रास्त होता. तो प्रश्न काढणाऱ्यांवर आणि तपासणाऱ्यांवर निघायला हवा.

राहिलं बोर्डाचं ‘एकच माप’. मुंबईकराने तरी हे म्हणू नये. अकरावीच्या प्रवेशात एसएससी, आयसीएसई आणि सीबीएसईचे मार्क एका रांगेत कसे लावायचे यावरून या शहरात काय रामायण झालं ते आठवा. २००८ मध्ये सरकारने पर्सेंटाइलचा फॉर्म्युला आणला, हायकोर्टाने तो रद्द केला. २००९ मध्ये ९०:१० कोटा (९० टक्के जागा एसएससीच्या मुलांना, १० टक्के बाकी बोर्डांना) आणला, तोही रद्द. २०१० मध्ये एसएससीच्या मुलांचे सर्वाधिक मार्कांचे पाचच विषय धरणारा ‘बेस्ट फाइव्ह’ आला, हायकोर्टात हरला आणि जुलैमध्ये सुप्रीम कोर्टात टिकला. तीन वर्षं दहावीची मुलं प्रवेशासाठी कोर्टाच्या तारखांकडे डोळे लावून बसली होती, ती तीन बोर्डांची मापं वेगवेगळी होती म्हणूनच. सीबीएसईने दहावीला ग्रेड लावले तेव्हा सीजीपीएला (१० पैकी ग्रेडच्या गुणांची सरासरी) ९.५ ने गुणून टक्के काढायचे. तो ९.५ आला ९१ ते १०० मधल्या मुलांच्या आधीच्या सरासरीवरून, आणि लागू झाला ६ सीजीपीएवाल्यालाही.

एका बोर्डात तरी माप एक असतं का? अमेरिकेत १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकीला ६४ पासून ९८ पर्यंत मार्क मिळाले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. भाषेचं सोडा म्हणाल, तर पुढच्या वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेवरही तीच गत झाली, फरक उलट वाढला. आपल्याकडे नमुना उत्तरं, मॉडरेटर, पुनर्मूल्यांकन हे सगळं त्याचसाठी आहे आणि त्याने फरक कमी होतो, पण नाहीसा होत नाही. निबंधाला एक बाई ६ देतात तर दुसऱ्या ८, हे स्टाफरूममध्ये बसणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून ‘पर्सेंटाइल रद्द करा’ ऐवजी मेसेजमध्ये हे मागा: निकालाबरोबर शिफ्टवार एक तक्ता ठळकपणे छापा. किती बसले, मार्कांची सरासरी किती, सर्वाधिक किती, आणि ९०, ९५, ९९ पर्सेंटाइलला त्या शिफ्टमध्ये किती मार्क लागले. एका पानात मावेल असा तक्ता आहे. तो समोर असला की १४५ वाल्याचे वडील आणि १३८ वालीची आई दोघंही आपापला हिशेब दोन मिनिटांत स्वतः ताडून बघतील.