ब्लू मून ‘प्राचीन’ वगैरे काही नाहीये

एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की तो फॉरवर्ड फिरायला लागतोच. म्हणे दुसऱ्या पौर्णिमेला प्राचीन काळापासून ब्लू मून म्हणतात, त्या रात्री चंद्र निळसर दिसतो, आणि हे इतकं दुर्मिळ की त्यावरूनच इंग्रजीत ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणायला लागले. वाचायला मस्त आहे पण यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

निळा रंग आधी उरकू. त्या रात्री चंद्र नेहमीसारखाच दिसतो. खरंच निळा दिसायला हवेत साधारण एक मायक्रॉनचे (म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सगळे जवळपास एकाच मापाचे कण लागतात. १८८३ ला इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा लोकांनी तसा चंद्र पाहिलाय, सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर पार स्कॉटलंडला पोचला तेव्हाही. त्याला तारीख लागत नाही, धूर लागतो.

आता ‘प्राचीन’. १५२८ च्या एका इंग्रजी पत्रकात पाद्र्यांना टोमणा आहे की ते चंद्र निळा म्हणाले तर आपणही खरं मानायचं. म्हणजे तेव्हा निळा चंद्र म्हणजे शुद्ध थाप, अशक्य गोष्ट. मग ‘अशक्य’चं हळूहळू ‘फारच क्वचित’ झालं, १८२१ पर्यंत ते छापूनही आलेलं दिसतं. दुसरी पौर्णिमा यात कुठेच नाही.

ती आली १९४६ ला, आणि तीही चुकून! अमेरिकेत मेन राज्यातलं शेतकऱ्यांचं एक पंचांग होतं, त्यात नियम असा की एका ऋतूत (त्यांचे ऋतू तीन-तीन महिन्यांचे) तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरी ती ब्लू मून. जेम्स ह्यू प्रुएट नावाच्या हौशी खगोल अभ्यासकाने ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या खगोलशास्त्राच्या मासिकात लिहिताना याचा अर्थ स्वतःच्या मनाने लावला, वर्षात १३ पौर्णिमा म्हणजे एका महिन्यात दोन येणार, मग त्यातली दुसरी ब्लू मून. १९८० ला ते रेडिओवर गेलं, १९८६ च्या ट्रिव्हियल पर्सूट या सामान्यज्ञानाच्या खेळात प्रश्न म्हणून आलं, झालं, जगभर पक्कं. मासिकाने १९९९ मध्ये चूक छापून कबूल केली पण ती कोण फॉरवर्ड करणार!

आणि दुर्मिळ? १९ वर्षांत इंग्रजी महिने २२८ आणि पौर्णिमा २३५, म्हणजे सात जास्तीच्या. आपला अधिक महिना याच हिशोबातून येतो, आणि त्याला कोणी दुर्मिळ म्हणत नाही, जावयाला विचारा. ३१ मे २०२६ ची दुसरी पौर्णिमा तर अधिक ज्येष्ठातलीच.

शिवाय ती ‘दुसरी’ तरी सगळीकडे एकच असते का? ३१ डिसेंबर २००९ ला लंडनमध्ये संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास पौर्णिमा झाली, तिकडे तोच ब्लू मून, पण आपल्या घड्याळात तेव्हा १ जानेवारी लागून पाऊण तास होत आला होता, त्यामुळे या व्याख्येने भारतात ब्लू मून आला ३० जानेवारी २०१० ला.